माघ वद्य पंचमीच्या आत

इंदूर, ३१ जानेवारी १९५५

चि. हेमास मंदावहिनीचे आशीर्वाद,

कल्याणला गाडी सुटताना दोघींनीही रडायचं नाही असं ठरलं होतं. तू शब्द मोडलास. मी इगतपुरीपर्यंत पाळला.

आज पहिली बाग झाली. आमचे बाळ मास्तर तुला ऐकून ठाऊक आहेत. डोंबिवलीत जन्मभर ड्रॉइंग शिकवलं, आता निवृत्त होऊन मोठ्या माणसांना रांगेत चालायला शिकवतात. गळ्यात शिट्टी, हातात छापील वेळापत्रक: 'संस्थानी उद्याने व राजवाडे दर्शन, दिवस बावीस'. एका बागेला दीड तास, त्यातली पंधरा मिनिटं इतिहास, तोही उन्हात उभ्यानं. बरोबर स्टोव्ह आहे, मेतकूट आहे, आणि मानपाड्याच्या आवडाबाई आहेत. त्यांना वाटलं होतं ही देवदर्शनाची यात्रा. आता प्रत्येक फाटकाशी विचारतात, "मास्तर, हितं तरी देव हाय का?"

मास्तरांना आज पुन्हा विचारलं, की दोन वर्षांपूर्वी तुमच्या सहलीतल्या बाईंना फूल तोडल्याबद्दल ज्या माळ्यानं मराठीत झापलं, तो कुठल्या बागेतला? म्हणाले, "मंदाताई, एकामागून एक बागा पाहिल्या की माझ्याही डोक्यात सगळी कारंजी एक होतात." ज्या बाईंनी हळदीकुंकवाला ती गोष्ट सांगितली त्यांनाही आठवत नाही. त्यांना फक्त माळ्याची दाढी आठवते आणि त्याचं वाक्य: "ओ बाई, झाड तुमच्या तीर्थरूपांनी लावलंय काय?" आपल्या परसातल्या गुलाबाला हात लावणाऱ्या गल्लीतल्या प्रत्येकानं हे वाक्य तुझ्या दादाच्या तोंडून ऐकलेलं आहे. मामंजी काहीही म्हणोत.

म्हणून मी ठरवलंय, प्रत्येक बागेत फूल तोडायचं आणि कोण ओरडतं ते ऐकायचं. आज इथे तोडलं. तीन माळी धावले आणि तिघेही मराठीत ओरडले! होळकरांचं गाव, इथे पाणक्यासुद्धा मराठी बोलतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिघांचे चेहरे न्याहाळले. त्यातला एक लाजला.

हसू नकोस. चोवीस फेब्रुवारीला त्यांना घर सोडून बारा वर्षं पुरी होतील. तोवर सापडले नाहीत तर मामंजी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यांची क्रिया उरकणार आणि मी विधवा होणार. मला कुंकवाची हौस नाही गं. पण जो माणूस मेल्याचं मी पाहिलं नाही, त्याचं सुतक मी कशी पाळू? ते आहेत. मला ते हवे आहेत. अजून पाच बागा उरल्यात.

तुझी
मंदावहिनी


ठाणे, २ फेब्रुवारी १९५५

सौ. मंदावहिनीस हेमाचा नमस्कार,

हे पत्र उदयपूरच्या पोस्टमास्तरांच्या पत्त्यावर टाकते आहे. ते तुम्हाला वेळेवर मिळो, एवढं एकच आज देवाकडे मागते.

वहिनी, आपण चुकलो. तुम्ही चोवीस तारीख धरलीत ती दादाच्या कचेरीतल्या गैरहजेरीच्या कागदावरून. मी शाळेत मुलींना गणित शिकवते आणि माझ्याही लक्षात आलं नाही. भटजी तारखेनं कशाला मोजतील? दादा गेला त्या दिवशी माघ वद्य पंचमी होती. यंदा ती बारा फेब्रुवारीला येते. अण्णांनी काल भटजींना बोलावून सगळं पक्कं केलं. सुधीर रजा काढतो आहे, धाकटा भाऊ म्हणून विधी तोच करणार.

मी अण्णांना म्हटलं, वहिनी येईपर्यंत थांबा. ते म्हणाले, "तिला बागा बघू दे. नंतर तिला कुठे जाता येणार आहे?" रागानं म्हणाले नाहीत. तेच जास्त लागलं.

नीलाला आठवा महिना लागला आहे. दोन मुलं पोटातच गेल्यापासून ती किती घाबरते हे तुम्ही पाहिलंच आहे. भटजींनी तिच्यासमोरच सांगितलं, की थोरल्या दिराची गती अडली आहे म्हणून या घरात मूल टिकत नाही. कालपासून ती कॅलेंडरकडे बघत बसते. तिला विधी लवकर व्हायला हवा, तुम्हाला व्हायलाच नको, आणि मी दोघींच्या मध्ये उभी आहे.

दहा दिवस आहेत. शक्य तेवढं करा.

हेमा


उदयपूर, ५ फेब्रुवारी १९५५

हेमा,

पत्र पोस्टातच उभ्यानं वाचलं. नंतर मी पायरीवर बसले ती मास्तरांची शिट्टी ऐकूनही उठले नाही. आवडाबाईंनी धरून आणलं.

इथल्या बागेत सकाळी फूल तोडलं होतं. म्हातारा माळी त्याच्या बोलीत काहीतरी बोलला आणि आणखी दोन फुलं काढून माझ्या हातात ठेवली. त्याला वाटलं पूजेला हवीत. मी तिथेच रडले. तोही बिचारा घाबरला.

मास्तरांना सगळं खरं सांगितलं. हात जोडून म्हटलं, पुढच्या बागा आधी घ्या, राजवाडे नंतर बघू. माणूस वाईट नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण म्हणाले, मोटार नऊ तारखेला ठरलेली आहे, तेवीस माणसांची सोय ठरलेली आहे. नऊला सरसोलीची गढी, मग जयपूर, डीग, आग्रा. बारा तारखेच्या आत माझ्या हाताला एक सरसोली तेवढी लागते. तिथे नसले तर मी जयपूरच्या बागेत फूल तोडत असताना तुम्ही लोक ठाण्यात त्यांना जाळत असाल.

हेमा, काहीतरी कर. भटजींना म्हणावं, सौभाग्यवती घरात नसताना हा विधी होतो का ते पोथीत बघा. अण्णांना म्हण, तुला स्वप्न पडलं. खोटं बोल. तू कधी बोलत नाहीस म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवतील.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू? आज बागेत मनात आलं, की नीला आधीच बाळंत झाली तर सोयर येईल आणि विधी दहा दिवस पुढे जाईल. आठव्या महिन्यात, हेमा! त्या पोरीच्या पायाला मी रोज तेल लावते. मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. इतकी खाली आले मी. मला थांबव नाहीतर मला वेळ दे.

मंदा


ठाणे, ९ फेब्रुवारी १९५५

सौ. मंदावहिनीस,

मी खोटं बोलले. स्वप्न सांगितलं, दादा ओल्या कपड्यांनी दारात उभा होता म्हणून. अण्णांनी ऐकून घेतलं आणि डोळे पुसले. म्हणाले, "बघ, तोही सुटका मागतो आहे." माझ्या खोट्यानं काम आणखीच पक्कं झालं.

भटजींनी पोथी उघडलीच नाही.

अण्णा रोज परसातल्या त्या दोन खोल्यांपाशी जाऊन उभे राहतात. दादाची कलमं उपटून तिथे भाडेकरूंसाठी खोल्या बांधल्या हे ते कधी बोलत नाहीत. काल म्हणाले, "चाळीस कलमं होती, हेमे. मला वाटलं चार दिवस रुसेल." मला त्यांचा राग यायला हवा, येत नाही. ऐंशीला टेकलेला माणूस आहे, त्याला कुठेतरी हे संपवायचं आहे.

नीलाच्या पायांना सूज आहे. डॉक्टरीणबाई पडून राहा म्हणाल्या.

सरसोलीला तो असला तर तार करा. पत्रावर राहू नका.

हेमा


सरसोली, ११ फेब्रुवारी १९५५

हेमा, हेमा, ते सापडले.

तार सकाळीच धाडली आहे. इथे तारघर नाही. गढीच्या कारभाऱ्यांनी एक सांडणीस्वार दिला, तो स्टेशनावर जाऊन तार करील. उद्या सकाळच्या आत ती तुझ्या हातात पडलीच पाहिजे. आता नीट सांगते.

परवा दुपारी पोचलो. जुनी गढी, खाली उतरत जाणारे चार चौक, मधून पाण्याचा पाट, दोन्हीकडे संत्री. मास्तरांचा इतिहास सुरू झाला तशी मी मागे राहिले आणि एक गुलाब तोडला. पाठमोरा एक माणूस पाटात वाकून गाळ काढत होता. मान न वळवता म्हणाला, "ओ बाई, झाड तुमच्या तीर्थरूपांनी लावलंय काय?"

मी म्हटलं, "नाही. लावलं होतं माझ्या नवऱ्यानं, तोडलं माझ्या सासऱ्यांनी."

मग वळले. दाढी पांढरी झाली आहे. डोक्याला इकडचं पागोटं. मला पाहून पहिलं वाक्य काय म्हणावं? "मंदा, तू बारीक झालीस." बारा वर्षांनी! मी हसले, आणि तिथेच खाली बसले.

कुणी दुसरी बाई नाही, मूल नाही. बागेच्या कोपऱ्यात खोली आहे, तीत एक खाट आणि बियांच्या पुड्या. आधी चार ठिकाणी हिंडले, नऊ वर्षांपासून इथेच. पत्र का नाही टाकलं विचारलं, तर म्हणाले, "पहिल्या वर्षी टाकायला हवं होतं. मग दरवर्षी जास्त कठीण होत गेलं." एवढंच. मी बारा वर्षं जी भांडणं मनात रचून ठेवली होती त्यातलं एकही नीट भांडता आलं नाही.

विधीचं सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पुतळ्याला डोकं कशाचं करतात?" मी म्हटलं, नारळाचं. म्हणाले, "करू देत की." हेमा, मी त्यांचे पाय धरले. पाटाच्या कडेला, चिखलात, तेवीस माणसांच्या देखत. मास्तरांची शिट्टी वाजायची वेळ झाली होती, पण त्यांनी ती वाजवली नाही. मी म्हटलं, तुम्ही इथे झाडं जगवता आणि मला तिथे मारतायत. मला सवाष्ण ठेवा, बाकी काही नको. लाज सगळी सोडली.

काल दिवसभर ते गाळ काढत राहिले; त्यांच्या होकाराआधी तार करायला मी भ्याले, रातोरात निघून गेले असते. आज सकाळी म्हणाले, "चल. येतो."

सहल पुढे गेली. मी राहिले, आणि आवडाबाईही राहिल्या, सोबतीला म्हणून. म्हणतात, पुढंही देव नसतील तर हितंच बरी. धर्मशाळेत जागा मिळाली आहे. एकोणिसाला मास्तर परतीच्या वाटेवर इथूनच जातील, त्यांच्याबरोबर आम्ही निघू.

आजपासून ते एकेका झाडापाशी जाऊन उभे राहतात. खोडावर हात ठेवतात. वाईट वाटतच असणार. होईल सवय. परसात अजून वीतभर जागा आहे, तिथे काहीतरी लावतील.

विधी थांबला ना? मामंजी काय म्हणाले? लगेच लिही.

तुझी सुखी
मंदावहिनी


ठाणे, १४ फेब्रुवारी १९५५

वहिनी,

वर नेहमीसारखं 'सौ.' लिहायला हात धजला नाही, आणि दुसरं काही लिहायलाही नाही. विधी झाला.

तार उशिरा आली असं घरात सगळ्यांना वाटतं. तुम्हाला खोटं सांगू शकत नाही. तार वेळेवर आली.

बारा तारखेला सकाळी नीलाला कळा सुरू झाल्या, दीड महिना आधी. घरात एकच धावपळ झाली. भटजी म्हणाले, मूल जन्मलं की सोयर लागेल, विधी राहून जाईल, मग मी काही सांगू शकत नाही. अंगणात पुतळा तयार होता. तीनशे साठ पानं, लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेली, वर नारळ. अण्णांनी त्यावर दादाचं जुनं उपरणं घातलं होतं. आत नीला ओरडत होती, "नेलं का? नेलं का हो?" तेवढ्यात मागच्या दारी तारवाला आला. मी सही केली, वाचलं, आणि अंगणात आले.

त्यांनी पुतळा अजून उचललाही नव्हता. एक शब्द पुरला असता. नीला पुन्हा ओरडली, आणि मी तार मुठीत धरून उभी राहिले. सुधीर आणि अण्णा पुतळा घेऊन खाडीवर गेले. मी आत जाऊन नीलाला सांगितलं, नेलं. दुपारी तिला मुलगी झाली. एवढीशी आहे, कापसात ठेवली आहे, पण रडते, दूध ओढते. डॉक्टरीणबाई म्हणतात जगेल.

पुतळ्यामुळे जगली असं मी म्हणत नाही. माझा त्यावर विश्वास आहे की नाही हे मलाच ठाऊक नाही. पण त्या क्षणी मी तुमच्यातून आणि तिच्यातून तिला निवडलं. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

संध्याकाळी अण्णांना तार दिली. ते एवढे मोठ्यानं रडले की भाडेकरू जमा झाले. भटजींना पुन्हा बोलावलं. यावर उपाय आहे म्हणे. क्रिया झालेला माणूस जिवंत परतला तर त्याचा पुन्हा जन्म करायचा. तुपात बुडवून काढायचं, न्हाऊ घालायचं, जातकर्म, नाव ठेवणं, मुंज, सगळं नव्यानं. आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. अण्णा म्हणतात, "तो नाही निघाला तर मी स्वतः सरसोलीला जाऊन त्याला घेऊन येतो." सुधीरला त्यांना धरून ठेवावं लागतं. पण नीला काल मला हळूच म्हणाली, "भावोजी आले तर विधी खोटा ठरेल का हो वन्सं?" आणि पोरीला छातीशी घट्ट धरलं.

दादाला घेऊन या. माझ्याशी बोलू नका हवं तर.

हेमा


सरसोली, १८ फेब्रुवारी १९५५

हेमा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. तार मुठीत धरून तू उभी राहिलीस, तिथवर वाचलं आणि तुझं तोंड पुन्हा पाहू नये असं वाटलं. आज वाटतं, मी अंगणात असते आणि नीला तशी ओरडत असती, तर माझंही तोंड उघडलं नसतं. ज्या बाईनं उदयपूरला तसलं मनात आणलं, तिनं तुला काय बोलावं? पण याला माफी समजू नकोस. ते घरी आल्यावर, सावकाश.

पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते संत्र्याच्या कलमाला काठी बांधत होते. विधी झाला इथवर आले तसे हात थांबले. विचारलं, "सगळा झाला? यथासांग?" मी म्हटलं, हो. मग ते पाटाच्या कडेला बसले आणि पागोट्यात तोंड घालून रडू लागले. मला वाटलं, स्वतःचं मरण ऐकून माणसाला रडू येणारच. मी पाठीवर हात ठेवला. त्यांनी तोंड वर केलं, आणि हेमा, तो सुटलेल्या माणसाचा चेहरा होता. बारा वर्षांचं ओझं कुणीतरी उतरवून ठेवलं असा. लग्नानंतरच्या चार वर्षांत मी तो चेहरा एकदाही पाहिला नव्हता.

त्यांना लगेच लाज वाटली. म्हणाले, "तू म्हणशील तर अजूनही येतो. तुपात बुडवा नाहीतर तेलात."

मला राग आला. एवढा, की हातातलं पत्र चुरगळलं. मी बागांमागून बागा पायाखाली घातल्या, फुलं चोरली, चिखलात बसून पाय धरले, आणि यांना मेल्याचा आनंद! तसंच फरफटत न्यावं असं वाटलं. मामंजींच्या पुढ्यात उभं करावं, तुपात बुडवावं, पुन्हा अंतरपाट धरावा. पहिल्या लग्नाला मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी माझ्या हो-नाहीवर सगळं आहे, हे कळलं तेव्हा मात्र मी चुरगळलेलं पत्र सरळ केलं. संध्याकाळपर्यंत बागेत बसून राहिले. ते एका झाडाकडून दुसऱ्याकडे जात होते, पण आता निरोप घेत नव्हते, काम करत होते.

आणले तर येतील. कचेरी नाही, कलमं नाहीत, त्या दोन खोल्यांकडे बघत ओसरीवर बसतील. आणि एखाद्या पंचमीला पुन्हा जातील. तेव्हा मी कुठे शोधू? माझ्यात आता पुन्हा फुलं तोडत फिरायची ताकद नाही. आणि इथे राहावं, तर त्यांनी राहा म्हटलं नाही. मी वाट पाहिली, हेमा. आज दुपारपर्यंत पाहिली.

मला ते हवे आहेत. अजून हवे आहेत. हे तुला सांगून ठेवते, म्हणजे मी काही थोर वगैरे झाले असं तुला वाटायला नको.

मघाशी पाटाच्या पाण्यानं कुंकू पुसलं. आवडाबाईंनी माझा हात धरला. "जित्ता हाय ना तो? मंग पुसतंस कशाला गो बाय?" मी म्हटलं, जिवंत आहे म्हणूनच. त्यांना ते पटलं नाही. पण मग माझा हात सोडून स्वतःच रडत बसल्या.

सोबत दुसरं पत्र आहे ते मामंजींना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांनी इकडे यायला निघू नये, नीलानं भिऊ नये, म्हणून लिहिलं आहे. उद्या सहलीतल्या सगळ्यांनाही मी हेच सांगेन. वाचताना अडखळू नकोस. एकदा गप्प राहिलीस, आता जन्मभर राहा. हे पत्र मात्र चुलीत घाल.

मंदा


सरसोली, १८ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप मामंजींच्या पायांशी मंदाकिनीचा नमस्कार.

मी घाईनं तार केली आणि आपल्या जिवाला घोर लावला, याची क्षमा असावी. तो माणूस दुसराच निघाला. दाढीमुळे आणि मराठी बोलण्यामुळे माझी फसगत झाली. तो रत्नागिरीकडचा आहे, ठाणं त्यानं पाहिलेलंही नाही. आपण इतक्या लांब येण्याची तसदी घेऊ नये, इथे आपलं कुणी नाही.

विधी योग्य तिथीला आणि यथासांग झाला, त्याबद्दल मनात शंका ठेवू नये. नीलालाही तसंच सांगावं. बाळ सुखरूप आहे हे वाचून फार बरं वाटलं.

मी एकवीसला रात्री पोचते. सुधीरभावोजींना स्टेशनवर पाठवू नये. एकटीच आहे, सामानही फारसं नाही.

मी नीट पाहिलं का, असं आपण विचाराल. पाहिलं. दहा दिवस पाहिलं. आपला मुलगा असता, तर मला बघितल्यावर तो माझ्याबरोबर आला असता. त्यावरूनच ओळखलं, की हा तो नव्हे.

आपली सून
मंदाकिनी